वरच्या खोलीचा निकाल

आल्या दिवशी पायात टाचणी रुतली तेव्हा धाकटीला वाटलं, असते एखादी. दुसऱ्या दिवशी गादीच्या शिवणीत आणखी एक सापडली. रविवारी सकाळी नवऱ्याची पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला ती वाकली आणि तशीच वाकून राहिली. फरशीवर तीन ठिकाणी वाटोळे डाग होते. काहीतरी जड वर्षानुवर्षं एका जागी उभं राहून थरथरलं की पडतात तसे. भिंतीच्या कडेला रंगीत धाग्यांचे पुंजके होते. पलंगाचे पाय मात्र डागांना सोडून भलत्याच ठिकाणी टेकले होते, परवा आणून ठेवल्यासारखे.

"ही खोली आपली नाहीये," ती उठत म्हणाली.

नवरा आरशासमोर दाढी करत होता. "कोण म्हणालं?"

"फरशी."

"फरशीला काय कळतं!"

"तुझ्यापेक्षा जास्त. वहिनींची शिवणाची मशिनं इथे असतात. आपण यायच्या आधी ती हलवतात आणि आपल्यासाठी पलंग मांडतात."

दाढीचा हात क्षणभर थांबला आणि परत चालू लागला. तो लिफ्टचा मेकॅनिक. अडकलेल्या माणसांना दाराबाहेरून 'घाबरू नका, दोन मिनिटांत उघडतो' असं सांगण्यात त्याची परदेशातली सगळी वर्षं गेली होती, आणि ती दोन मिनिटं कधीच दोन मिनिटांची नसायची. घरातही तो त्याच आवाजात बोले.

"आज सांगतो ना. जेवण झालं की सांगतो."

"गुरुवारीही जेवण झालं होतं."

"गुरुवारी प्रवासाचा शीण होता."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी अप्पांचं पोट ठीक नव्हतं. आज ताईपण येतेय. सगळ्यांना एकदाच सांगून टाकू. भरल्या पोटी माणसं जरा मऊ असतात."

सांगायचं होतं ते एका वाक्याचं: आम्ही परत जाणार नाही. त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, त्यात नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर तिथे राहायची परवानगीही. दोघांनी फ्लॅट सोडला. यांची पावलं वाजली की खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. जाताना सोफा तिलाच दिला, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. उरलेला संसार बॅगांत भरून दोघं एका बाजूचं तिकीट काढून आले. घरच्यांना मात्र नेहमीसारखं कळवलं होतं: तीन आठवड्यांची सुट्टी.

या सगळ्यात धीराची गोष्ट एकच होती. घरी आपली खोली आहे. दर रविवारी अप्पा, म्हणजे सासरे, फोन हातात धरून जिना चढायचे आणि उंबऱ्यातून दाखवायचे, "ही बघा तुमची खोली, जशीच्या तशी." कपाट दिसे, खिडकी दिसे, निळा पडदा दिसे. पलंग कुठाय विचारलं तर म्हणत, "इकडेच आहे, फोन वळत नाही." धाकटीनेही शेवटचे महिने फोन असाच धरला होता, मागची खोकी दिसू नयेत म्हणून. दोन्ही घरं एकमेकांना आपापला आवरलेला कोपरा दाखवत होती आणि दोन्ही घरांना वाटत होतं, फसवतोय ते आपणच.

खाली थोरली, तिची मोठी जाऊ, भाजी चिरत होती. थोरली बोलायला गोड नव्हती, आणि गोड असल्याचा तिचा दावाही नव्हता. घरातल्या घरात शिवणकाम करायची एवढंच धाकटीला ठाऊक होतं; लहान मुलींचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, असं काहीबाही.

"वहिनी, वर टाचण्या सापडतायत."

"जुनं घर आहे. निघतं काय काय."

"मशिनं कुठे ठेवलीत?"

आता मात्र सुरी थांबली. थोरलीने तिच्याकडे सरळ पाहिलं. "जेवण झाल्यावर अप्पा बोलणार आहेत. त्यांनाच विचारा."

एकाच जेवणानंतर दोन घोषणा म्हणजे जो आधी बोलेल त्याची सरशी. आणि तिच्या नवऱ्याला कुठल्याही गोष्टीत आधी बोलताना तिने पाहिलं नव्हतं. त्याला गाठून 'जेवणाआधीच सांग' म्हणावं म्हणून ती बाहेर धावली, तर नणंद येऊन पोचली होती आणि तिने भावाचा ताबा घेतला होता.

नणंद शाळेत भूगोल शिकवायची, पण घरात तिला सगळे वकील म्हणत. जो हजर नसेल त्याची बाजू घ्यायची, हा तिचा धर्म.

"वाळलास की रे! खायला घालते की नाही ही?"

"घालते ना. काम असतं फार."

"लिफ्ट वर-खाली करायचं कसलं काम? बटण दाबायचं."

"ताई, एक मिनिट जरा यांना..." धाकटी म्हणाली.

"तुला आयुष्यभर आहे तो. मला तीन आठवडे मिळतो. थांब जरा."

तिने दुरून डोळ्यांनी खुणावलं. नवऱ्याला वाटलं डोळ्यात काही गेलं. तो म्हणाला, "चोळू नकोस, पाण्याने धू."

परदेशात धाकटी चष्म्याच्या दुकानात नजर तपासायला बसायची. तिथे काही गिऱ्हाइकं अक्षरांचा तक्ता पाठ करून येत. अशी माणसं चटकन ओळखू येतात: ती डोळे बारीक करत नाहीत, अडखळत नाहीत, आणि विचारायच्या आधीच पुढची ओळ म्हणून टाकतात. जेवताना टेबलाभोवती तिला सगळे असेच दिसले. सासूबाई आज फार भराभर बोलत होत्या. दादा, म्हणजे थोरले दीर, मोटार शिकवायच्या शाळेत होते. शेजारी बसून विद्यार्थ्यांच्या चुका सांभाळायची इतकी सवय की घरात कुठे वादाची चाहूल लागली, की त्यांचा उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबे. आज भात वाढायच्या आतच टेबलाखाली दोनदा ब्रेक लागला.

शेवटचा घास झाला. धाकटीने नवऱ्याच्या पायावर पाय दिला. त्याने घसा खाकरला.

"एक विषय घ्यायचाय," अप्पा म्हणाले.

गेली संधी.

अप्पांनी उभा जन्म कोर्टात लघुलेखक म्हणून काढला होता. लोकांचं बोलणं उतरवून उतरवून त्यांना अशी खोड जडली होती की समोरच्याचं शेवटचं वाक्य आधी परत म्हणत आणि मगच उत्तर देत. घरात त्याची सगळ्यांना धास्ती. अप्पांनी परत म्हटलेलं वाक्य मागे घेता येत नसे.

"वरच्या खोलीत सूनबाईंचं शिवणकाम चालतं," ते धाकट्या मुलाला म्हणाले. "तुम्ही येणार म्हटलं की मशिनं बाजूच्या गोदामात नेऊन ठेवतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पण आता तिला एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळतंय. हाताखाली बायका आहेत. दर वेळी मशिनं खाली-वर करणं जमायचं नाही. तेव्हा खोली कायमची तिच्याकडे द्यावी, असं माझं मत आहे. तुमचं काय?"

"त्याचं काय असणार?" सासूबाई म्हणाल्या. "तिकडे यांचं नुसतं स्वयंपाकघरच आपल्या खालच्या घराएवढं आहे. मी बघितलंय फोनवर."

त्या स्वयंपाकघरात दोघं एका वेळी मावत नव्हती. धाकटी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आत्ता. आत्ता सांग.

"घ्या की," नवरा म्हणाला. अगदी चटकन, न अडखळता, तक्ता पाठ असल्यासारखा. "वहिनी, खोली तुमचीच. आम्ही काय, चार दिवसांचे."

"'घ्या की. खोली तुमचीच,'" अप्पा म्हणाले. "ऐकलंत सगळ्यांनी?"

"थांबा, थांबा," नणंद उसळली. "अशी कशी देतोस? उद्या तुला परत यावंसं वाटलं तर?"

"तू मध्येच ओव्हरटेक करू नकोस," दादा म्हणाले. "तो स्वतःच देतोय ना?"

"देतोय कारण भोळा आहे. काकांचं काय झालं विसरलास? परत आले तेव्हा त्यांच्या खोलीत तुम्ही सगळे पसरला होतात. पोरीबाळींच्या येण्याजाण्यात हॉलमध्ये अंथरूण टाकायचे बिचारे. एक दिवस भाड्याची खोली बघून गेले, ते पुन्हा उंबरा चढले नाहीत."

अप्पांचे धाकटे भाऊ. या घरात त्यांचा विषय निघाला की कुणीतरी पाणी प्यायला उठायचं. आज कुणी उठलं नाही.

"काकांचं वेगळं होतं," सासूबाई म्हणाल्या. "ते हरून परत आले होते. हा काय हरून आलाय?"

आणि पाठीवरून हात फिरवला त्यांनी लेकाच्या. नवऱ्याने समोरचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावून पीत राहिला.

धाकटीला एकाएकी कळलं की हा आता कधीच बोलणार नाही. खोली देईल, तीन आठवडे हसत काढेल आणि मग बॅगा उचलून विमानतळावर जातो सांगून कुठेतरी जाईल. कुठे, ते तोही जाणत नसेल.

थोरली ताटं गोळा करून आत गेली. धाकटी उरलेली भांडी उचलून मागोमाग.

"वहिनी, आम्हाला खोली लागणार आहे."

"माहितेय," थोरली नळ सोडत म्हणाली.

"काय माहितेय?"

"गुरुवारी तुमच्या बॅगा मी वर चढवल्या. एकीची चेन तुटकी होती. तीन आठवड्यांसाठी कुणी मिक्सर घेऊन येतं का? बरं, मिक्सर समजू. पायपुसणं? वापरलेलं पायपुसणं सात समुद्र ओलांडून कोण आणतं? माणूस संसार मोडतो तेव्हाच पायपुसणं भरतो."

"मग तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"बोलले ना. अप्पांना म्हटलं, खोलीचा विषय रविवारीच काढा."

"म्हणजे... आम्ही सांगायच्या आत."

"हो. तुम्ही सांगायच्या आत." तिने ताट खसखसून घासलं. "राग आला असेल, येऊ दे. तुमचं यायचं ठरलं की इथे माझं दुकान बंद. बायकांना सांगायचं, मोठी माणसं येतायत, तीन आठवड्यांनी या. दोघी गेल्या खेपेला परत आल्याच नाहीत, दुसरीकडे लागल्या. आणि तुम्ही माझ्यासाठी आणलंत काय? वासाची मेणबत्ती."

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही, वहिनी."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

धाकटीने घासलेलं ताट घेतलं आणि विसळलं. बाहेर नणंदेचा आवाज चढला होता, दादांचाही.

"भाऊजी नाही बोलायचे," थोरली हळू म्हणाली. "काकांसारखे गुपचूप जातील. मला वाटलं होतं, जाईनात का, माझी खोली तर राहील." तिने नळ बंद केला. "काकांना शेवटचं जेवण मीच वाढलं होतं. नवी नवरी होते. मला कळलंच नाही की हे शेवटचं आहे."

धाकटीने ओले हात पदराला पुसले. मग ती बाहेर गेली, कारण आणखी एक भांडं विसळलं असतं तर तिचं धाडस ओसरलं असतं.

"अप्पा, खोली देता येणार नाही."

नवऱ्याने वर पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत आधी राग आला, मग विनवणी. ती त्याच्याकडे न बघता बोलत राहिली. "यांची नोकरी गेली. तिकडे राहायची परवानगी संपली. घर सोडलं आम्ही. आम्ही तीन आठवड्यांसाठी नाही आलो. आम्ही आलोय."

दादांनी ब्रेक असा काही दाबला की टेबल सरकलं आणि रिकामा पेला आडवा झाला. अप्पांनी तोंड उघडलं, पण वाक्य परत म्हणायला त्यांना जमेना.

पहिल्यांदा बोलल्या सासूबाई. "पण मी तर परवाच मैत्रिणीला सांगितलं, याला मोठ्या हुद्द्यावर घेतलंय म्हणून."

"तुला कोणी सांगितलं?" नवरा म्हणाला.

"कोणी नाही. इतकी वर्षं झाली, घेतलंच असेल म्हटलं."

"आधी का नाही बोललास?" नणंद भावावर उखडली. "मी मूर्खासारखी इथे भांडतेय तुझ्यासाठी! आणि काय रे, वहिनीने काय करायचं आता? तिच्या कामाचं काय? तुम्ही दोघं धडधाकट आहात, बघा की एखादी खोली."

भाऊ परदेशातला होता तोवर त्याची बाजू होती. तो घरात आला आणि वकिलाने पक्षकार बदलला.

"मी सांगणारच होतो," नवरा म्हणाला.

"कधी?" हे धाकटी नाही, दादा म्हणाले. आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे सगळ्यांत वाईट होतं. "मी विमानतळावर आलो होतो तुला घ्यायला. वाटेत दोन तास होते. मला एकट्याला सांगितलं असतंस."

नवरा टेबलावरच्या शितांकडे बघत होता. तो बोलला तेव्हा तो लिफ्टबाहेरचा आवाज नव्हता. "दर वेळी काही ना काही घेऊन येतो. या वेळी हातात काहीच नव्हतं. म्हटलं, खोली तरी देऊ. निदान काहीतरी दिलं असं होईल."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. अप्पांनी आडवा पडलेला पेला उभा केला.

"'घ्या की,' असं तू म्हणालास," ते म्हणाले.

"हो."

"आणि ही म्हणते, 'देता येणार नाही.'"

"हो."

"मग यातलं मी काय धरायचं?"

अप्पा नाही म्हणाले तर आज संध्याकाळी बॅगा घेऊन कुठल्या दिशेला वळायचं हेही धाकटीला माहीत नव्हतं. या गावात तिला आता रस्ते आठवत नव्हते, फक्त या घराचा आठवत होता.

"दोन्ही धरा," दारातून थोरली म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. ती हात पुसत होती, बोट न बोट, सावकाश.

"मशिनं आज संध्याकाळीच वर येतील. शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचेत, मला थांबता यायचं नाही. खोली माझी, दिवसा. संध्याकाळी बायका गेल्या की तुम्ही पलंग आडवा करा, सकाळी त्या यायच्या आत उभा करून भिंतीला लावा. टाचण्या टोचतील. तक्रार माझ्याकडे आणायची नाही."

"आणि दिवसा आम्ही कुठे बसायचं, वहिनी?" धाकटीने विचारलं.

"बसायला पाहुणे येतात," थोरली म्हणाली. "तुम्हाला काज-बटणं येतात का?"

"नाही."

"मग शिका. आणि भाऊजी, मधलं मशीन अडकतंय कधीपासून. लिफ्ट दुरुस्त करता, तेवढं बघा."

उन्हं उतरल्यावर मशिनं निघाली. जिना अरुंद, वळण आखूड. खालची बाजू दादांनी धरली, वरची नवऱ्याने, आणि दादांना बऱ्याच वेळाने आपल्या कामाचं काहीतरी मिळालं. "डावीकडे घे. अजून. आता सरळ. मागे बघ, मागे बघ, भिंतीकडे काय बघतोस!" उभा जन्म इमारतींच्या पोटातून माणसं वर नेणारा नवरा पाचव्या पायरीवर घामाघूम झाला होता. धाकटी वरून वाट मोकळी करत होती. नणंद निघताना कुणाशी बोलली नव्हती. जोडे घालून फाटकापर्यंत गेली, परत आली, आणि 'रविवारी येते' एवढंच म्हणून गेली. हे बरं की वाईट, ते धाकटीला ठरवता येईना.

तेवढ्यात हॉलमध्ये फोन वाजला. सासूबाईंनी उचलला; तीच मैत्रीण होती.

"हो गं, आलेत ना. गुरुवारीच." मग नेहमीचं हसू. "यंदा ना? यंदा..."

मशीन पायरीवर टेकलं. दादा गप्प झाले. जिन्यातली तिन्ही माणसं कान देऊन उभी राहिली. वर पलंगाशी ओढाताण करणारी थोरलीही थांबली असावी, कारण तो आवाज बंद झाला.

"यंदा जरा जास्त दिवस आहेत," सासूबाई म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं, मुलाकडे, त्याच्या घामेजल्या कपाळाकडे. "अगं, काय झालं, तुला म्हणून सांगते..."

आणि फोन कानाला धरून त्या आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं.

"काय सांगत असेल?" नवऱ्याने कुजबुजत विचारलं.

धाकटीला काही ऐकू येत नव्हतं. ती दोन पायऱ्या उतरली आणि मशीनच्या जड चाकाखाली हात घातला.

"उचल," ती म्हणाली. "सकाळी बायका येतात."